परत या म्हणता, पण ही तर बदली आहे

शुक्रवारी संध्याकाळी कंपनीचा मेल आला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून सगळ्यांनी आठवड्याचे पाचही दिवस पुण्याच्या ऑफिसात हजर राहायचं. मी टीम लीड, त्यामुळे माझ्या अकरा जणांना हे सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. कॉल लावला, मेल वाचून दाखवला. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग देवासचा आमचा एक मुलगा म्हणाला, "ताई, परत कुठे यायचं? मी तर तिथे कधी गेलोच नव्हतो."

खरंच आहे त्याचं. २०२१ मध्ये त्याची मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली, लॅपटॉप कुरिअरने घरी आला. कुठूनही काम कर, असं त्याला मीच सांगितलं होतं. वरून मला तेच सांगायला सांगितलं होतं. त्या भरवशावर त्याने गेल्या वर्षी देवासला घराचं कर्ज काढलं. शुक्रवारपासून माझ्या डोक्यातून ते जात नाहीये.

मी स्वतः टाळेबंदीच्या चार दिवस आधी, मार्च २०२० मध्ये, रात्रीच्या बसने दोन जोड कपडे घेऊन इंदूरला आले. वाकडची खोली तीन महिन्यांनी सोडली. तेव्हापासून रामबागेतल्या आमच्या जुन्या घरातून काम करते आहे. बाबांना पार्किन्सन आहे. त्यांची गोळी आठ, बारा, चार आणि आठ अशी घड्याळाला बांधलेली. चारची गोळी अर्धा तास जरी चुकली तरी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, खुर्चीतून उठता येत नाही. माझ्या टेबलापासून त्यांची खुर्ची सात पावलांवर आहे. या पाच वर्षांत माझं एकही सॉफ्टवेअर रिलीज त्या गोळीमुळे लांबलेलं नाही.

काल त्यांना मेलबद्दल सांगितलं. बाबा वीज मंडळात होते, नोकरीत सहा बदल्या झाल्या त्यांच्या. खंडवा, धार, मंदसौर, सगळं फिरले. शांतपणे ऐकून म्हणाले, "अगं, ही तर बदलीची ऑर्डर आहे. आम्हाला जॉइनिंग टाइम मिळायचा, सामान न्यायचा खर्च मिळायचा. अडचण असली तर अर्ज करता यायचा, तो कोणीतरी वाचायचा. तुमच्या ऑर्डरीत यातलं काय आहे?"

काहीच नाही. आणि मला वाटतं सगळा घोळ इथेच आहे. "रिटर्न टू ऑफिस" म्हटलं की लोक सुट्टीवर गेले होते आणि आता त्यांनी मुकाट्याने जागेवर येऊन बसावं, असा अर्थ निघतो. इंदूर ते पुणे सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. बसने रात्र जाते, दौंड–इंदूर गाडी गुजरातचा वळसा घालून जाते. मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, ३०९ किलोमीटरचा, पण त्यावरून अजून गाडी धावत नाही. घर, आईवडील, मुलांची शाळा हे सगळं उचलून न्यायचं, तर त्याला बदली म्हणा आणि बदलीचे नियम लावा.

लोक आळशी झालेत, घरी बसून दोन-दोन नोकऱ्या करतात, हे मी गेल्या दोन दिवसांत तीन वेळा ऐकलं. असं करणारे असतील, त्यांना पकडा. सगळ्यांना एका दावणीला का बांधता? अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीतला प्रयोग २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आला आहे. १,६१२ कर्मचारी, त्यातल्या काहींना आठवड्यातले दोन दिवस घरून काम. कामाच्या दर्जात आणि बढत्यांत फरक पडला नाही, नोकरी सोडणारे मात्र एक तृतीयांशाने घटले. त्यातही बायका आणि लांबून येणारे जास्त टिकले. तो प्रयोग आठवड्यातले तीन दिवस ऑफिसचा होता, आमच्यासारख्या पूर्ण घरून काम करणाऱ्यांचा नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण पाचही दिवस हवेतच, असं त्यातून निघत नाही.

शब्द फिरवण्याचं म्हणाल तर आमची कंपनी एकटी नाही. टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी पंचवीस टक्क्यांहून जास्त लोक ऑफिसात लागणार नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनीही पाच दिवस बोलावलं. मोठ्यांनी केलं की बाकीच्यांना धीर येतो.

एक गोष्ट मात्र मनापासून मान्य करते. नवीन मुलांना ऑफिस लागतं. मी पहिल्या नोकरीत जे शिकले ते शेजारच्या खुर्चीतल्या बाईंकडून. त्या स्क्रीनकडे बघून नुसतं "हं?" म्हणायच्या आणि माझी चूक मला दिसायची. ते "हं?" व्हिडिओ कॉलवर येत नाही. म्हणून दर तिमाहीत एक आठवडा मी स्वखर्चाने पुण्याला जाते, मुलांना शेजारी बसवते. तो आठवडा दोन करा, आनंदाने येईन. पण मागच्या खेपेला मी काय पाहिलं, तर माणसं हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून दीड तासाने पोचतात आणि हेडफोन लावून बेंगळुरूशी बोलत बसतात. शेजारच्याशी एक शब्द नाही. त्या बसण्यासाठी मी बाबांची चारची गोळी कोणावर सोपवू?

सोमवारी वरिष्ठांशी बोलणं आहे. मी तीन गोष्टी लेखी मागणार आहे. २०२० नंतर बाहेरगावी घेतलेल्यांना या ऑर्डरीतून वगळा, ते जमत नसेल तर सहा महिन्यांची मुदत आणि सामानाचा खर्च द्या, आणि घरच्या अडचणीचे अर्ज माणसाने वाचावेत. देवासच्या मुलाचा अर्ज मी स्वतः लिहून ठेवला आहे.

इंदूर, उज्जैन, देवासकडच्या कोणाला कंपनीने मुदत किंवा खर्च लेखी दिला असेल, तर कृपया मेसेज करा. कंपनीचं नाव नको, कलम कसं लिहिलंय तेवढं पुरे. रविवार रात्रीपर्यंत मिळालं तर सोमवारी समोर ठेवता येईल.