कोबेचा डिफेन्स: तुमची चिडलेली प्रतिक्रिया आणि माझं जरा लांबलेलं उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सकाळी ऑफिसला निघायच्या घाईत वाचली तेव्हा डोकं सटकलं होतं, रात्री जेवण झाल्यावर परत वाचली तेव्हा कळलं की चारातल्या दोन गोष्टीत तुमचं बरोबर आहे. त्यामुळे "मताबद्दल धन्यवाद" वगैरे लिहून सुटता येणार नाही, बसून लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की एनबीएतल्या (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) लेकर्सच्या कोबे ब्रायंटची ऑल-डिफेन्सिव्ह टीममधली (दर सीझनच्या सर्वोत्तम डिफेंडरांची निवड) शेवटची तीन वर्षं, म्हणजे २०१०, २०११ आणि २०१२, ही जुन्या पुण्याईवर मिळालेली होती, तोवर त्याचा डिफेन्स उतरणीला लागला होता. त्यावर तुमचं म्हणणं असं की बारा वेळा कोचेसनी निवडलेल्या माणसाबद्दल बोलणारे तुम्ही कोण, २०१० ला त्याने थंडर टीमच्या गार्डला, वेस्टब्रूकला कसा बांधून ठेवला ते पाहिलंय का, आकड्यांवर लेख लिहिणाऱ्यांना डिफेन्स कळत नाही, आणि गेलेल्या माणसाबद्दल असं लिहायला लाज वाटायला पाहिजे.

शेवटचं आधी घेतो कारण तेच जास्त लागलं. २६ जानेवारी २०२० ला कोबे ज्यात गेला ते हेलिकॉप्टर पडलं तेव्हा आपल्याकडे रात्र होती, मला मित्राचा फोन आला आणि मी त्याला शिव्या घातल्या की असली मस्करी करू नकोस म्हणून. त्यानंतर पहाटेपर्यंत झोपलो नाही. त्यामुळे कोबेबद्दल प्रेम कुणाला किती यात मला पडायचं नाही, पण माणूस गेला म्हणून त्याच्या खेळाबद्दल फक्त आरती करायची हे मला जमत नाही, आणि कोबे स्वतः सहकाऱ्यांना तोंडावर काय काय सुनवायचा ते बघता त्यालाही ते फारसं रुचलं नसतं असं मला वाटतं. लेखाच्या शीर्षकात मी "फुगा" हा शब्द वापरला होता, तो मात्र स्वस्तातला होता. काढलाय.

आता कोचेस. हो, तेव्हा ऑल-डिफेन्सिव्ह टीम एनबीएचे कोच निवडायचे, स्वतःच्या टीमच्या प्लेअरला मत देता यायचं नाही. कोबे ९ वेळा पहिल्या टीममध्ये, ३ वेळा दुसऱ्या. पहिल्यांदा २००० साली, वय २१! तुम्ही म्हणता कोचेस रोज टेप बघतात, त्यांना कळत नाही आणि तुम्हाला कळतं का. प्रश्न रास्त आहे. पण एक गंमत बघा, २०१२ साली डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर झाला टायसन चँडलर, ते मत पत्रकारांचं, आणि त्याच वर्षी कोचेसनी चँडलरला टाकलं दुसऱ्या टीममध्ये. पुढच्या वर्षी मार्क गसोलचं डिट्टो तेच. म्हणजे अख्ख्या लीगमधला सर्वोत्तम डिफेंडर, पण त्याच्या पोझिशनवरचा दुसऱ्या नंबरचा! दोघांपैकी कुणीतरी चुकतंय ना. पत्रकारच बरोबर असं मी म्हणत नाही, पण कोचेसचं मत म्हणजे काही सुप्रीम कोर्टाचा निकाल नाही. २०१३-१४ पासून तर ते मतदान कोचेसकडून काढून पत्रकारांनाच दिलं.

आणि २०११ ची यादी काढून बघा. पहिल्या टीमचे गार्ड रोंडो आणि कोबे. टोनी अ‍ॅलन दुसऱ्या टीममध्ये. टोनी अ‍ॅलन! ज्याला कोबेने शेवटच्या सीझनमध्ये मेम्फिसला आपले बूट सही करून दिले आणि त्यावर लिहिलं की मी ज्यांच्याविरुद्ध खेळलो त्यातला सगळ्यात भारी डिफेंडर तू. कोबेला कळत होतं की हो, कोचेसचं मला माहीत नाही.

वेस्टब्रूक. इथे मी सपशेल चुकलो. २०१० ला मी पुण्याईच्या रकान्यात टाकायला नको होतं, लेखात ते वाक्य आता बदललंय. प्लेऑफमधली थंडरविरुद्धची पहिली राउंड, सिरीज २-२, वेस्टब्रूक २१ वर्षांचा आणि लेकर्सच्या गार्डना चार मॅच नुसता पळवत होता, डेरेक फिशरचं तर बघवत नव्हतं. पाचव्या मॅचला कोबेने सांगितलं याला मी घेतो. वेस्टब्रूकचे १३ पैकी ४ शॉट पडले, लेकर्स १११-८७ ने जिंकले. ती मॅच तुमच्या सांगण्यावरून मी परवा परत बघितली आणि पायांचं काम बघून खरंच थक्क झालो, ३१ वर्षांचा माणूस त्या पोराला उजवीकडे जाऊच देत नाहीये, स्क्रीनवर (वाट अडवून उभ्या असलेल्या समोरच्या प्लेअरवर) अडकत नाहीये, प्रत्येक वेळी त्याच्या आणि बास्केटच्या मध्ये उभा.

पण त्याच मॅचमध्ये कोबेने शॉट किती घेतले? ९. पॉइंट १३. ज्या माणसाने त्या सीझनला मॅचमागे सत्तावीस पॉइंट काढले त्याने त्या रात्री डिफेन्स करायचा ठरवला आणि ऑफेन्स पाउ गसोल (वरच्या मार्कचा भाऊ) आणि बायनम या लेकर्सच्या उंच जोडीवर सोडला. हीच गोष्ट मला मागच्या लेखात नीट सांगता आली नाही, आता प्रयत्न करतो.

माझं म्हणणं असं नाही की कोबेला डिफेन्स येईनासा झाला. येत होता, २०१२ ला पण येत होता. पण पेट्रोल तेवढंच होतं आणि गाडी दोन गावांना न्यायची होती. २००८ चं बीजिंग ऑलिंपिक आठवा, तिथे अमेरिकेच्या टीममध्ये लेब्रॉन होता, ड्वेन वेड होता, पॉइंट काढायला रांग लागलेली, तेव्हा कोबेने समोरच्या टीमचा सगळ्यात भारी गार्ड मागून घेतला आणि त्याच्या अंगाला चिकटून खेळला. फायनलच्या आदल्या दिवशी तिशी पूर्ण झाली होती. तोच माणूस लेकर्समध्ये परत आला की अर्धा वेळ समोरच्या टीमच्या सगळ्यात कमी धोकादायक माणसावर उभा असायचा, म्हणजे नावाला त्याच्यावर, प्रत्यक्षात पेंटच्या (बास्केटखालच्या रंगवलेल्या चौकोनाच्या) आसपास फिरत, पासिंगच्या वाटांवर नजर ठेवून. बोस्टनच्या रोंडोला लांबून शॉट नव्हता म्हणून २००८ आणि २०१० च्या फायनलला त्याला तसा मोकळा सोडून कोबे मागे थांबला तो डावपेच होता, चांगलाच होता. २००१-०२ ला झोनचा नियम बदलल्यापासून असं माणूस सोडून फिरणं कायदेशीर पण झालं. फक्त हळूहळू तो डावपेच न राहता सवय झाली आणि समोर शॉट असलेला माणूस असला तरी कोबे तसाच फिरायला लागला.

आपल्याकडे क्रिकेट बघणाऱ्याला हे लगेच कळेल. पॉइंटला उडी मारणारा फिल्डर पस्तिशीला मिडऑनला दिसतो, तिथे आलेला कॅच तो अजूनही झकास घेतो आणि आपण म्हणतो बघा हात अजून कसे आहेत. हात आहेतच हो. पण त्याच्या बाजूने दोन-दोन धावा निघतात त्या कोण मोजतं?

वय झालेल्या डिफेंडरचं पण तेच. समोरासमोर, बॉल असलेल्या माणसापुढे तो शेवटपर्यंत चांगला दिसतो कारण तिथे अनुभव कामाला येतो, कोण कुठल्या हाताला जातो हे त्याला पाठ असतं. आधी जाते ती दुसरी धाव. म्हणजे मदतीला आत गेलास, बॉल बाहेर कोपऱ्यात गेला, आता परत पळत जाऊन शूटरच्या तोंडासमोर हात घालायचा, आणि त्याने पंप फेक (शॉटची नुसती हूल) केला की परत फिरायचं. एका पझेशनमध्ये हे दोन-तीनदा. मी स्वतः बेचाळीसचा आहे, रविवारी कॉलेजच्या ग्राउंडवर पोरांबरोबर हाफ कोर्ट खेळतो, आणि सांगतो, पहिला क्लोजआउट, म्हणजे शूटरकडे असं परत पळत जाणं, मी आजही तुम्हाला करून दाखवीन. दुसरा नाही. गुडघाच सांगतो की राहू दे, चुकेल त्याचा. (बऱ्याचदा चुकत नाही.)

आणि कोबेचे गुडघे काय आपल्यासारखे ऑफिसच्या खुर्चीत झिजलेले नव्हते. २०१० च्या उन्हाळ्यात उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन, २०११ ला त्याच गुडघ्यासाठी जर्मनीला जाऊन उपचार. २०१३ पर्यंत लीग आणि प्लेऑफ मिळून ५४ हजार मिनिटं खेळून झाली होती, सलग धरली तर ३७ दिवस आणि ३७ रात्री पळणं झालं ते. त्या पायांनी क्लोजआउट टाळला तर मी त्याला आळशी म्हणणार नाही, मागच्या लेखातला "आळस" हा शब्द वाचून तुम्ही चिडलात ते पण कबूल. हिशेब होता तो. पण ज्याच्या डोक्यावरून थ्री (लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट) गेला त्या टीमला हिशेब काय करायचाय?

आकड्यांबद्दल. तुम्ही म्हणता मी आकडे बघून लिहितो, उलट मला वाटतं आकडे कोबेच्या बाजूने जास्त बोलतात! १० एप्रिल २०१३, पोर्टलंडविरुद्ध, अख्खी ४८ मिनिटं खेळला, ४७ पॉइंट, ८ रिबाउंड, ५ असिस्ट, ४ ब्लॉक, ३ स्टील. वय ३४. तो स्कोअरकार्ड बघून कुणीही म्हणेल डिफेन्स कुठे गेलाय याचा. आणि त्याच मॅचमध्ये पोर्टलंडच्या रुकी (पहिल्याच सीझनच्या) डेमियन लिलर्डने ३८ पॉइंट मारले. ते ३८ कोबेच्या नावावर लावत नाही मी, लेकर्सचा गार्ड नॅश नव्हता, कोण कुणावर होता त्याचा पत्ता नव्हता त्या टीममध्ये. पण स्टील आणि ब्लॉक दिसतात, न केलेली धाव स्कोअरकार्डवर येत नाही. सगळ्या एनबीए कोर्टांवर प्लेअरची हालचाल टिपणारे कॅमेरे लागले २०१३-१४ पासून, आणि त्या सीझनला कोबे जेमतेम ६ मॅच खेळला. म्हणजे आपण ज्या वर्षांवर भांडतोय ती कॅमेऱ्याच्या आधीचीच, तुमच्याकडे डोळे आणि माझ्याकडे पण डोळेच.

तर माझ्या डोळ्यांनी काय बघितलं ते सांगतो. मे २०११, प्लेऑफमध्ये डॅलसविरुद्धची चौथी मॅच. लेकर्स १२२-८६ ने हरले. डॅलसने २० थ्री मारले, जेसन टेरीने एकट्याने ९, स्टोयाकोविचने ६ पैकी ६. सगळं कोबेच्या माथी मारायचं नाहीये, डॅलसच्या बरेआच्या पिक अँड रोलवर (स्क्रीन लावून घेऊन आत घुसण्याच्या चालीवर) अख्खी टीमच गोल गोल फिरत होती आणि बायनमने शेवटी त्याच बरेआला कोपर मारून काय दिवे लावले ते माहीतच आहे. पण ती टेप बघताना बॉल सोडा आणि २४ नंबरकडे, म्हणजे कोबेकडे बघा. बॉल दुसऱ्या बाजूला गेला की तो थांबतो. हात कमरेवर नाही, तेवढा तो स्वाभिमानी होता, पण थांबतो. आणि याच सीझनला तो पहिल्या टीममध्ये! म्हणून पुण्याई म्हटलं. २०१२ ला कोचेसनीच त्याला दुसऱ्या टीममध्ये सरकवलं आणि २०१३ ला तर नावच नाही, तेव्हा तुमच्या कोचेसच्या पण लक्षात आलंच होतं की, थोडं उशिरा.

२०१३ ला मात्र मला त्याच्यावर टीका करायची इच्छाच होत नाही. कोच माइक ब्राउन पाच मॅचनंतर गेला, त्याच्या जागी डँटोनी आला, नॅशचा पाय, हॉवर्डची पाठ, आणि हा माणूस प्लेऑफमध्ये न्यायचंच म्हणून एप्रिलमध्ये जवळजवळ पूर्ण मॅच खेळतोय. पोर्टलंडनंतर दोनच दिवसांनी गोल्डन स्टेटविरुद्ध अकिलीस (टाचेमागची शीर) तुटला, तरी लाइनवर जाऊन दोन फ्री थ्रो टाकले आणि मग चालत आत गेला. त्या सीझनमध्ये डिफेन्सला पाय कुठून आणणार होता?

तर माझ्याकडून २०१० परत, "फुगा" आणि "आळस" परत. २०११ वर मी ठाम आहे. तुम्ही डॅलसवाली मॅच परत बघा, फक्त पहिला हाफ पुरे, आणि तुम्हाला वेगळं दिसलं तर कुठल्या मिनिटाला ते लिहा, मी तेवढं पझेशन काढून बघतो.