दह्यानं ओव्हरटेक केलं

परवा रविवारी सिंहगडाच्या घाटात मला दह्यानं ओव्हरटेक केलं.

दहीवाल्यानं असं म्हणायला हवं, पण त्या क्षणी मला माणूस दिसलाच नाही. दिसली ती एक टीव्हीएस एक्सएल, तिच्या दोन्ही अंगांना बांधलेले क्रेट, क्रेटात गवतावर बसवलेली मातीची मडकी आणि मडक्यांच्या तोंडावर फडफडणारं प्लॅस्टिक. मी दुसऱ्या गिअरमध्ये होतो. म्हणजे गिअर दुसरा होता, जीप तो मानायला तयार नव्हती. पहिल्यात किंचाळायची, दुसऱ्यात मरायची आणि या दोघांच्या मध्ये कंपनीनं काही दिलेलंच नाही. शेजारी मेव्हणा, मागे त्याची सात वर्षांची लेक. ती म्हणाली, "काका, दही पुढे गेलं."

आमची जीप म्हणजे जुनी एमएम ५४०. २११२ सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन आणि मूळचे ६.००-१६ चे टायर. अरुंद, उभट, पोस्टमनच्या सायकलीची आठवण करून देणारे. दसऱ्याला ते काढून ३१ इंची घातले, साडेदहा इंच रुंद, पंधराच्या रिमवर. घरच्या हिशोबाच्या वहीत ते 'किरकोळ' या सदराखाली आहेत. का घातले? विचारणाऱ्याला मी 'ग्राउंड क्लिअरन्स', म्हणजे गाडीच्या पोटाखाली जास्त जागा, असं सांगतो. खरं कारण असं की सोसायटीत एका पोरानं नवी थार आणली आणि तिच्या शेजारी आमची जीप तिला शाळेत सोडायला आलेल्या आजीसारखी दिसायला लागली.

आणि क्लिअरन्स वाढला किती? सव्वा इंच. टायरचा व्यास अडीच इंचांनी वाढला, पण ॲक्सल उचलला जातो त्याच्या निम्माच. सव्वा इंच म्हणजे माझ्या कोल्हापुरीची टाच.

पुढच्या वळणावर दहीवाला थांबला होता. साठीचा, कानटोपी, हातविणीचा स्वेटर. गाडी स्टँडवर लावून, रस्त्यात अडलेल्या म्हशीकडे बघावं तसा तो आमच्याकडे बघत होता.

"सायेब, ढकलू का?"

मी म्हटलं, नको मामा, जरा गरम झालीय.

"गरम न्हाई झाली. दमलीया." त्यानं पुढच्या टायरवर कलिंगडाला मारतात तशी टिचकी मारली. "कितीचं?"

"एकतीस."

"हजार?"

"इंच."

"आन हजार?"

मी आरसा पुसायला लागलो. मेव्हण्यानं मात्र मान पुढे काढली. त्यालाही हे ऐकायचंच होतं.

"बरं, ऱ्हाऊंद्या. चाक थोरलं केलं, पिनियन केलं का?"

"अं?"

"क्राऊन-पिनियन बदललं का म्हन्तो मी."

(क्राऊन-पिनियन म्हणजे ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे फेरे कमी करून चाकाला देणारी.) मग कळलं की मामांनी पंधरा वर्षं याच घाटात वडाप चालवलं होतं. जीपच. "एकवीस मानसं न्यायचो. एकवीस! दोन बोनेटवर, तीन मागं लटकून. आन तुमी..." त्यांनी बोट नाचवत आम्हाला मोजलं. "एक, दोन... आन ही पोर. अडीच."

मग त्यांनी मला हाताला धरून एक्सएलपाशी नेलं, वाकायला लावलं आणि मागच्या चाकाचं चेनचं चक्कर दाखवलं. "कंपनीचं काडलं. दोन दात्यांनी थोरलं टाकलं. पळती कमी, ओढती जास्त. दह्याला कुटं पळायचंय? तुमी उलटं केलं. चाक थोरलं झालं म्हंजी एका फेऱ्यात लई जिमीन खातंय. घास मोठा झाला आन इंजनाचं तोंड तेवढंच. आता घशात आडाकतंय त्याच्या."

राग याचा आला की मला हे माहीत होतं. टायर घेण्याआधी तीन रात्री मी वहीत गणितं केली होती. माझ्या क्राऊनला ३९ दाते, पिनियनला ८. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.८८ फेरे. जुना टायर साडेअठ्ठावीस इंच, नवा ३१. ओढ पूर्वीइतकीच ठेवायची तर ४.८८ ला ३१ ने गुणा, २८.५ ने भागा, ५.३१ येतात. त्याच्या सगळ्यात जवळचा, बाजारात मिळणारा जोड ४३ आणि ८ दात्यांचा, म्हणजे ५.३८. हा काही माझा शोध नाही. महायुद्धातल्या विलीज जीपला ४.८८ होते आणि १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी जी सीजे-२ए काढली तिला ५.३८. नांगर ओढायचा तर पळणं कमी करावं लागतं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. मलाही कळलं होतं. वहीत चौकट करून, खाली दोन रेघा मारून कळलं होतं.

पण टायर दिसतो हो! सोसायटीच्या गेटातून आत आलं की वॉचमन उठून उभा राहतो. क्राऊन-पिनियन हाऊसिंगच्या पोटात काळ्या तेलात बुडालेलं, ते बघायला कोण येणार? शिवाय ते मागे एक आणि पुढे एक असं दुहेरी करायचं. म्हणून 'पुढच्या महिन्यात बघू' असं ठरलं. दरम्यान स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर स्प्रिंगच्या पाट्यांना घासायला लागले. मिस्त्रीनं स्टॉपचा बोल्ट बाहेर काढून ते थांबवलं, तर आता जीप आमच्या गल्लीत एका दमात वळत नाही. पाच वेळा मागेपुढे. पॉवर स्टिअरिंग नाही. खांदा दुखतो तो वेगळा.

"लो टाका," मामा म्हणाले.

लो म्हणजे वेग घटवून ओढ वाढवणारा जादा गिअर, आणि आमच्या जीपला तो फोर व्हीलबरोबरच पडतो. इथे मला जरा जीव आला. मी सविस्तर सांगितलं की कोरड्या डांबरावर फोर व्हील लावायचं नसतं, वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, ताण बसतो, दोन्ही ॲक्सलना जोर वाटणारी ट्रान्सफर केस रडते. शेळ्या रस्ता ओलांडेपर्यंत थांबावं तसे मामा थांबले.

"झालं? आता हब सोडा. पुडचा अक्सल सुटला की भांडान कुनाशी करंल?"

आणि स्वतःच उकिडवे बसून त्यांनी पुढच्या चाकांमधले दोन्ही हब फिरवले, म्हणजे चाकं ॲक्सलपासून सुटली. लो पडला. जीप निघाली. गणपतीच्या मिरवणुकीच्या वेगानं, पण निघाली. मागे गाड्यांची रांग, हॉर्नचा कल्लोळ आणि शेजारून मामा एक हात हँडलवर, दुसऱ्या हातानं सूचना देत: "आता दुसरा टाका. रेस नगं, रेस नगं! दह्यावानी चालवा." दह्यावानी म्हणजे कसं ते मला अजून कळलेलं नाही, पण मी तसं चालवलं. लेक सगळा घाट त्यांना हात हलवत होती. मला एकदाही नाही.

मंगळवारी अर्धी रजा टाकून क्राऊन-पिनियन शोधायला नाना पेठेत गेलो. एका दुकानात (नाव सांगत नाही, पुन्हा तिथेच जावं लागणार आहे) मागचा जोड ४३-८ चा होता, पुढचा मात्र ३९-८ चाच. शेठ म्हणाले, "मागचा घालून टाका. पुढचं वापरतं कोण? फोर बाय फोर लावायचंच नाही." म्हणजे सव्वा इंचासाठी एवढं केलं आणि आता फोर बाय फोरच लावायचं नाही! लावलं तर पुढची चाकं मागच्यांपेक्षा दहा टक्के जोरात धावणार आणि कुठलं तरी हाड मोडणार. मग ते दुसऱ्या खोक्यातून सुटा क्राऊन आणि तिसऱ्यातून सुटं पिनियन काढायला लागले. अहो, ही दोन्ही दातेरी चाकं कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवतात, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. मी नंबर दाखवला. शेठ म्हणाले, "तेल पडलं की जुळतं." आमच्याकडे पत्रिका बघूनही जुळत नाही आणि हे तेलावर जुळवणार! नाही जुळलं तर ताशी सत्तरच्या वर आयुष्यभर रोंऽऽ असा आवाज. तो कोण ऐकणार, शेठ?

रात्री मेव्हण्याचा फोन. त्यानं कायदा वाचला होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेर गाडीत बदल केला की मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. "चार टायर म्हणजे एक बदल की चार?" त्यानं फार काळजीनं विचारलं. आता मी चुकलो असेन, मान्य. पण रोज सकाळी कात्रजला ज्या ट्रकांच्या टायरांतून तारा बाहेर आलेल्या असतात, त्यांच्यात कुणीच काही बदल केलेला नसतो, हाच तर त्यांचा गुन्हा आहे. त्यांना कोण अडवतं? आणि आमच्या पेठेतला रस्ता गेल्या पावसाळ्यापासून खणून ठेवलाय. सिंहगडापेक्षा मला लो तिथे जास्त लागतो. त्या खड्ड्यांना परवानगी कुणी दिली होती?

असो. गडावरचं सांगायचं राहिलं. मामांनी तीन मडकी दही दिलं आणि पूर्ण पैसे घेतले. मग विचारलं, "जुनी टायरं काय केली?"

"टायरवाल्याला दिली."

"कितीला?"

सांगितलं. मामांनी कपाळावर हात मारला. "आरारा! टायरगाडीला चालत्यात की ती. कारखाने चालू झाल्यात." म्हणजे माझे ते पोस्टमनी टायर आत्ता कुठल्यातरी बैलगाडीखाली टनभर ऊस घेऊन चढ चढत असणार.

"ही काडली की मातुर सांगा," ते म्हणाले. "मी न्हेतो."

"तुम्हाला कशाला?"

"घराच्या पत्र्यावर ठेवाया. वाऱ्यानं पत्रा उडतुया. ही जड हायेत, चांगली हायेत." लेकीनं त्यांचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये 'दही' या नावानं टाकला. दोन लागतील म्हणाले. मग टायराकडे पुन्हा एकदा नीट बघून म्हणाले, "न्हाई, एकबी पुरंल."