युनिट ७३१ : वैद्यकशास्त्राला त्यांनी काहीही दिलेलं नाही

“माणसाच्या शरीरात सत्तर टक्के पाणी असतं हे जगाला कसं कळलं? जपान्यांनी जिवंत माणसं वाळवून मोजलं.” असा सुरू होणारा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. पुढचे दावे असे: हिमदंशावरचा उपचार युनिट ७३१ ने, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कैद्यांवर जीवघेणे प्रयोग करणाऱ्या जपानी सैन्याच्या जंतुयुद्ध पथकाने शोधला, तो डेटा अमूल्य होता म्हणून अमेरिकेने सगळ्यांना सोडलं, एकालाही शिक्षा झाली नाही, कोठड्यांत पाच लाख माणसं मारली, आणि हे सगळं आजही गुप्त आहे. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. तरीही हा मेसेज मारेकऱ्यांचीच बाजू मांडतो, म्हणून हे उत्तर.

आधी पाणी. एकोणिसाव्या शतकातच जर्मन संशोधकांनी मृतदेह वाळवून हे प्रमाण काढलं होतं. १९३४ साली हेवेशी आणि होफर या शास्त्रज्ञांनी जड पाण्याच्या (जड हायड्रोजन असलेल्या पाण्याच्या) साहाय्याने जिवंत माणसाच्या शरीरातलं पाणी मोजलं, आकडा आला सुमारे ६३ टक्के. त्यासाठी कुणाचाही जीव घ्यावा लागला नाही. ईशान्य चीनमध्ये, म्हणजे मंचुरियात, हार्बिनजवळ युनिटचा पिंगफांगचा तो प्रचंड तळ तेव्हा उभाही राहिला नव्हता.

हिमदंशाचे प्रयोग तिथे झाले, हे खरं आहे. योशिमुरा हिसातो हा त्यांचा प्रमुख. मंचुरियाच्या थंडीत कैद्यांचे हात उघडे ठेवून गोठवले जात. पण गोठलेला अवयव कोमट पाण्यात झटपट गरम करावा, हे सोव्हिएत शल्यचिकित्सक गिरगोलाव १९३० च्या दशकातच सांगत होते. पुढे अलास्कात विल्यम मिल्स यांनी उपचारासाठी आलेल्या रुग्णांवर ही पद्धत वापरून ती रुजवली.

आता ‘अमूल्य डेटा’. सगळ्यात घातक दावा हाच. १९४७ साली युनिटचा प्रमुख शिरो इशी आणि त्याचे सहकारी अमेरिकन तपास अधिकाऱ्यांसमोर बसले, तेव्हा त्यांच्याकडे विकायला एकच गोष्ट होती: आमच्याकडची माहिती तुम्हाला दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. खटला टाळण्यासाठी केलेला तो सौदा होता. त्या वर्षाअखेरीस अमेरिकन लष्कराचे शास्त्रज्ञ एडविन हिल यांनी अहवालात नोंदवलं की ही माहिती अडीच लाख येनमध्ये, म्हणजे नगण्य किमतीत मिळाली, आणि माणसांवरच्या प्रयोगांबद्दलच्या संकोचामुळे ती आपल्या प्रयोगशाळांत मिळवता आली नसती. अहवाल होता कशाबद्दल? जंतुयुद्धाबद्दल: अँथ्रॅक्स, प्लेग अशा रोगांचे किती जंतू माणसाला पुरे होतात, याबद्दल. रुग्ण बरा करण्याशी त्याचा संबंध नव्हता. “निदान विज्ञानाचा तरी फायदा झाला” असं आपण लिहितो, तेव्हा इशीने स्वतःची मान सोडवायला वापरलेला युक्तिवाद आपण फुकट पुढे पाठवत असतो. ज्यांना तिथे ‘मारुता’, म्हणजे लाकडाचे ओंडके म्हटलं गेलं, त्यांच्या मरणाला उपयोगाचं लेबल लावायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

शिक्षेचं म्हणाल तर डिसेंबर १९४९ मध्ये सोव्हिएत रशियातल्या खाबारोव्स्कला लष्करी न्यायालयाने जंतुयुद्धाच्या गुन्ह्यांसाठी १२ जपान्यांना दोषी ठरवलं, शिक्षा दोन ते पंचवीस वर्षांच्या. पाश्चिमात्यांनी तो खटला प्रचार म्हणून उडवून लावला. जपानी नेत्यांवरच्या युद्धगुन्ह्यांच्या टोकियो खटल्यात मात्र हा विषय १९४६ मध्ये एकदाच ओझरता निघाला आणि पुराव्याअभावी तिथेच सोडून दिला गेला. आपले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल त्याच न्यायपीठावर होते, पण या प्रयोगांचा पुरावा न्यायालयापुढे कधी आलाच नाही. इशी १९५९ मध्ये घशाच्या कर्करोगाने मेला, खटला न भरताच. इतका संताप यायला खोट्याची भर कशाला हवी?

पाच लाखांचा आकडाही चुकीचा आहे. पिंगफांगमध्ये मारल्या गेलेल्यांचा नेहमी दिला जाणारा अंदाज सुमारे ३,००० आहे, आणि तो खाबारोव्स्कमधल्या साक्षींवरून आला. निंगबो (१९४०), चांगदे (१९४१) इथे प्लेगच्या पिसवा विमानातून टाकल्या, त्या साथींतले बळी वेगळे. दोन्ही आकडे एकत्र कालवले की नाकारणाऱ्यांना आयतं कोलीत मिळतं. मेसेजसोबतच्या फोटोंचंही तसंच. असे अनेक फोटो १९१०-११ च्या मंचुरियन प्लेगच्या साथीचे असतात.

राहिलं ‘आजही गुप्त’. तीसेक वर्षं खरोखरच दडपलं गेलं. पण १९८१ मध्ये अमेरिकन पत्रकार जॉन पॉवेल यांनी सौद्याची कागदपत्रं छापली. २००२ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने जंतुयुद्ध झाल्याचं मान्य केलं, आणि त्याच निकालात १८० चिनी वादींची भरपाईची मागणी फेटाळली. २०१८ मध्ये जपानच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने युनिटमधल्या ३,६०७ जणांची नावं उघड केली.