तारीख आधी ठरली, काम मागून कळलं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीसाठी (ओतकामाच्या कारखान्यासाठी) आमच्या टीमनं ॲप केलं होतं. हीट नंबर (भट्टीतल्या प्रत्येक वितळणीचा क्रमांक), किती साचे भरले, किती कास्टिंग म्हणजे ओतलेले भाग रिजेक्ट झाले, हे सुपरवायझरनं मोबाईलवर भरायचं आणि मालकांनी केबिनमध्ये बसून बघायचं. डेमोला मालक खूश. शॉपफ्लोअरवर पहिल्याच दिवशी तिथले मामा म्हणाले, "ॲप झकास हाय, खरं हातमोजं काढून बोट कुठं फिरवत बसू?" (बेळगावाबाहेरच्यांसाठी: आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.) समोर तेराशे-चौदाशे डिग्रीचा रस ओतला जात होता. मामांनी खडूनं फळ्यावर नंबर लिहिला आणि कामाला लागले.

चार महिने आम्ही रोज सकाळी बेंगळुरूच्या मॅनेजरसोबत कॉलवर होतो. भट्टीजवळ एकदाही कोणी गेलं नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि माझं घर टिळकवाडीत! स्कूटरवर दहा मिनिटं.

भाषेचंही तेच. गोकाककडचा ऑपरेटर कन्नड वाचणार, खानापूरचा मोल्डर (साचे करणारा) मराठी, अकाउंटंटला सगळं इंग्रजीत हवं. बेळगावात हे शेंबडं पोरही सांगेल. आमच्या प्लॅनमध्ये तो विषय निघाला शेवटच्या महिन्यात, तेव्हा स्क्रीनवरचा सगळा मजकूर कोडमध्ये जागोजागी पुरलेला. तो उकरून काढण्यात तीन आठवडे गेले. एवढं करून कन्नड शब्द बटणात मावेनात, ते वेगळंच.

मग उशीर झाला म्हणून वरून चार माणसं आली. आम्ही पाच होतो, नऊ झालो. पाच जणांत बोलण्याच्या जोड्या होतात १०, नऊ जणांत ३६. नव्यांना समजावण्यात जुन्यांचे दिवस गेले आणि काम आणखी मागं पडलं. रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी रखडतो, हे आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम बघितलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय. आमच्या मॅनेजरना ते तोंडपाठ होतं, ट्रेनिंगमध्ये तेच शिकवायचे.

माझ्या वडिलांची हयात उद्यमबागेत लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना, करण्यात गेली. बिडाचं लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी त्यांची मोजपट्टीच वेगळी असायची. हा जादा एक टक्का कशाला, असं त्यांना कोणी गिऱ्हाइकानं विचारल्याचं मला आठवत नाही. आणि लाकडाला हात लावायच्या आधी ते मोल्डरकडं जाऊन यायचे, साचा कुठं उघडणार, कोअर (आतली पोकळी राखणारा गाभा) कुठं बसणार, हे विचारायला. आम्ही टेस्टिंगला दोन आठवडे मागितले तर उत्तर आलं, "बफर कशाला? तारीख क्लायंटला दिलेली आहे." तारीख देताना कोड लिहिणाऱ्या एकालाही विचारलं नव्हतं, हे मात्र कुणाला खटकलं नाही. टेस्टिंग चार दिवसांत उरकलं.

हे फक्त आपल्याकडं होतं असंही नाही. अमेरिकन सरकारची आरोग्य विम्याची वेबसाइट १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी कोलमडली. सगळे भाग एकत्र जोडून चाचणी घ्यायला शेवटचे जेमतेम दोन आठवडे मिळाले होते. पैशाला तिथं काही कमी नव्हती.

आमच्या प्रोग्रॅमरांचंही चुकतं, नाही असं नाही. कॉलवर "हो सर, होईल सर" म्हणणारे आम्हीच. होणार नाही हे माहीत असताना.

शेवटी फाउंड्रीत तोडगा मालकांच्या क्लार्कनं काढला. मामा अजून फळ्यावरच खडूनं लिहितात. शिफ्ट संपली की क्लार्क फळ्याचा फोटो काढतो आणि वजनकाट्याजवळच्या कॉम्प्युटरवर बसून आकडे भरतो. मोबाईल ॲप कोणी उघडत नाही.

गेल्या सोमवारी नवीन प्रोजेक्टचा पहिला कॉल झाला. निपाणीचं गिऱ्हाईक आहे. तारीख ठरलीये, ३१ मार्च. मी विचारलं, तिथं जाऊन कोण आलंय? थोडा वेळ सगळे म्यूटवर. मग मॅनेजर म्हणाले, "तुमच्या जवळ आहे ना ते?"

शनिवारी सकाळच्या बसनं निघतोय.