‘प्रोबेशनमधली नोकरी लिहूच नका’ म्हणे!

प्रोबेशनमध्ये नोकरी गेलेल्यांसाठी एक सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: प्रोबेशन म्हणजे खरी नोकरी नव्हेच, त्यामुळे नव्या अर्जात ती दाखवू नका, दाखवली नाही तर कुणाला कळत नाही, कुणी विचारलंच तर राजीनामा दिला म्हणून सांगा, कारण ‘काढलं’ असं एकदा कागदावर आलं की करिअर संपलं. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण तो ऐकणाऱ्याची पुढची नोकरी धोक्यात येते.

प्रोबेशन म्हणजे नोकरी नव्हे, यावर फार वेळ घालवायला नको. नेमणूकपत्र मिळालं, पगार खात्यात जमा झाला, त्यातून पीएफ कापला गेला. कायम व्हायचं राहिलं, एवढंच.

‘कुणाला कळत नाही’ हे मात्र नीट तपासायला हवं, कारण बहुतेक जण याच भरवशावर राहतात. २०१४ पासून पीएफसाठी यूएएन, म्हणजे प्रत्येक सभासदाचा एकच कायमचा क्रमांक, आला. कंपनी बदलली तरी हा क्रमांक तोच राहतो. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या) पोर्टलवर आपली ‘सर्व्हिस हिस्टरी’, म्हणजे नोकऱ्यांची यादी, एकदा उघडून पाहा. आस्थापनेचं नाव, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख. तीन महिन्यांची नोकरीसुद्धा तिथे आपली ओळ धरून बसलेली असते. नव्या ठिकाणी रुजू होताना फॉर्म ११ भरून घेतात, त्यात आधी पीएफचे सभासद होता का, यूएएन काय, मागची नोकरी कधी सुटली, हे सगळं विचारलेलं असतं. शिवाय पडताळणी करणाऱ्या संस्था उमेदवाराची संमती घेऊन हीच हिस्टरी मागतात. संमती नाकारता येते, पण मग ‘का नाकारली’ या प्रश्नाचंही उत्तर तयार ठेवावं लागतं.

आता याच नोंदीतली दुसरी बाजू, जी त्या मेसेजमध्ये कधीच नसते. नोकरी सुटल्याचं कारण म्हणून तिथे मोजकेच पर्याय असतात: निवृत्ती, मृत्यू, कायमचं अपंगत्व वगैरे. उरलेल्या जवळजवळ सगळ्यांसाठी ‘सेसेशन – शॉर्ट सर्व्हिस’, म्हणजे नुसतंच ‘नोकरी थांबली’. स्वतःहून सोडणाऱ्यालाही हेच लागतं आणि ज्याला काढलं त्यालाही. म्हणजे नोंदीत तारखा सापडतात, भांडण सापडत नाही. जे लपवता येत नाही ते लपवायला सांगायचं आणि जे आपल्या शब्दांत सांगायची मुभा आहे त्याला घाबरवायचं, असा हा उलटा कारभार आहे.

वीसपेक्षा कमी माणसांच्या कार्यालयात पीएफ नसेलही. तरी त्याच आर्थिक वर्षात दुसरी नोकरी लागली आणि आधीचा पगार सांगितला नाही, तर दोन्हीकडे स्वतंत्रपणे सवलती धरून कर कमी कापला जातो. फरक विवरणपत्र भरताना आपल्याच खिशातून जातो.

मग बायोडेटात प्रत्येक नोकरी लिहायलाच हवी का? अजिबात नाही. इथे मेसेजवाल्याने दोन वेगळे कागद एकात कालवले आहेत. बायोडेटा आपला असतो. त्यात काय ठेवायचं, काय गाळायचं हे आपण ठरवतो. सहा आठवड्यांची नोकरी त्यात नसली तर कुणी खोटेपणा म्हणणार नाही. कंपनीचा फॉर्म वेगळा. त्यात ‘आजवरच्या सर्व नोकऱ्या लिहा’ असा रकाना असतो आणि खाली ‘वरील माहिती खरी असून ती चुकीची आढळल्यास नेमणूक रद्द होऊ शकते’ या अर्थाच्या वाक्याखाली आपली सही. तिथे गाळलेली नोकरी म्हणजे खोटी माहिती. प्रोबेशनमध्ये काढलेल्या माणसाला घेणाऱ्या कंपन्या आहेत. सहीखाली खोटं लिहिलेल्याला ठेवून घेणाऱ्या फारशा नाहीत.

‘राजीनामा दिला म्हणून सांगा’ हे तर त्याहून वाईट. खरोखर राजीनामा दिला असेल तर जरूर सांगा. अनेक कंपन्या काढल्याचं पत्र हातात द्यायच्या आधी तशी संधी देतात. ती आपणहून मागावी, त्यात कमीपणा नाही. राजीनामा स्वीकारला गेला की तेच खरं कारण. पण पत्रात ‘सेवा समाप्त’ असताना तोंडी राजीनामा सांगितला, तर नव्या कंपनीने रिलीव्हिंग लेटर (जुन्या कंपनीचं कार्यमुक्तीचं पत्र) मागितल्या क्षणी सगळं उघडं पडतं.

राहता राहिला ‘काढलं’ या शब्दाचा ठपका. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये छापून आलेल्या परशोत्तम लाल धिंग्रा खटल्यापासून साधी सेवासमाप्ती आणि शिक्षा म्हणून काढणं यांत फरक केला आहे. पवनेंद्र नारायण वर्मा खटल्यात (२००१) काम आणि वर्तन समाधानकारक नसल्याचं काढण्याच्या आदेशात लिहिलेलं असूनही तो ठपका नाही असं ठरलं. उलट दीप्ती प्रकाश बॅनर्जी खटल्यात (१९९९) आदेशाने ज्या पत्रांचा हवाला दिला, त्यांतल्या मजकुरावरून ठपका धरला गेला. कारण अशी कागदपत्रं पुढचा मालकही मागू शकतो, याची न्यायालयाने दखल घेतली. हे खटले सरकारी किंवा स्वायत्त संस्थांमधले आहेत, खासगी कंपनीला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण आपलं पत्र कसं वाचावं ते यातून कळतं. ‘सेवा कायम करता येत नाही’ एवढंच असेल तर निश्चिंत राहा. गैरवर्तनाचा उल्लेख असेल तर गप्प बसू नका, लेखी हरकत घ्या, वकिलाला दाखवा.

फॉर्ममधल्या ‘सोडण्याचं कारण’ या रकान्यात निबंध नको. एक नमुना: ‘प्रोबेशननंतर कायम केलं नाही. काम फोनवरून विक्रीचं होतं. माझा अनुभव हिशेब तपासणीचा आहे.’ अर्थात तुमच्या बाबतीत जे खरं असेल तेच. मुलाखतीतही एवढंच बोलावं, त्यातून काय शिकलो ते एका वाक्यात सांगावं आणि थांबावं. लोक अडकतात ते या थांबण्यात. समोरचा दोन सेकंद गप्प राहिला की घाबरून जुन्या साहेबाचा पंचनामा सुरू होतो. घरच्या आजारपणाची सबब तर नकोच. समोरचा आपुलकीने चौकशी करत राहतो आणि आपण नवनवीन आजार शोधत बसतो.

अर्ज करण्याआधी जुन्या कंपनीच्या एचआरला विचारून घ्या, पडताळणीचा फोन आला तर तुम्ही काय सांगता? बरेच जण तारखा आणि हुद्दा एवढंच सांगतात. आणि पोर्टलवर सोडल्याची तारीख भरली आहे का तेही पाहा. ती रिकामी राहिली तर तुम्ही अजून तिथेच कामाला आहात असं दिसतं. कंपनीने भरली नसेल तर शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाल्यावर, आधारला जोडलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीने, ती स्वतःच भरता येते.