राउटरचं घड्याळ

शाखेत पाठवायच्या आधी दोन राउटर टेबलावर जोडून त्यांच्यावरून फोन लावून बघायचा, एवढंच काम होतं. अर्ध्या तासाचं. शनिवार होता, पतसंस्थेच्या रेकॉर्ड रूममध्ये धूळ, मी आणि अकाउंटचे भाऊसाहेब. त्यांचं तिथे काहीही काम नव्हतं.

"काय अडलंय?"

"क्लॉक मिळत नाहीये."

भाऊसाहेबांनी मनगट पुढे केलं. "पावणेतीन."

मी समजावलं. सिरियल लाइनवर बिट कधी उचलायचा याचा ठेका एकाच बाजूने द्यायचा असतो. एरवी तो मोडेम देतो. टेबलावर मोडेम नाही, म्हणून व्ही.35 केबलचं डीसीई टोक, म्हणजे ठेका देणारं टोक, ज्या राउटरला, त्याला 'क्लॉक रेट 64000' सांगायचं.

"म्हणजे भजनात टाळ एकानेच धरायचा."

उपमा चपखल होती. त्याचाच राग आला.

डाव्या राउटरला आज्ञा दिली. तो म्हणाला, ही फक्त डीसीई बाजूला चालते. अरे, डीसीई तूच आहेस! केबल मी स्वतः लावलीय! राउटर बंद-चालू केला, पोर्ट बदलला, पुन्हा तेच टाइप केलं. यंत्राशी वाद घालणाऱ्या माणसाला त्या वेळी तो वाद वाटत नाही, तपास वाटतो. दीड तास तपास चालला. भाऊसाहेब शेंगदाणे खात होते.

"तोवर त्याचा स्पीड तरी वाढवून ठेवा. बँडविड्थ की काय ते. 64 कशाला, 512 लिहा. कोण बघतंय?"

इथे मात्र मी तापलो. बँडविड्थची आज्ञा म्हणजे लग्नाच्या बायोडेटातला पगार. लिहिल्याने वाढत नाही, पण पुढचे सगळे हिशोब त्यावरच होतात. राउटिंग त्यावर रस्ता निवडतं, आवाजासाठी टक्क्यांत राखलेली जागाही त्यावरूनच ठरते. 512 लिहून 30 टक्के राखले की झाले 153, आणि खरी लाइन 64 ची! शिवाय जी.729, म्हणजे आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीचा कॉल 8 केबीपीएसचा, सेकंदाला 8 हजार बिटांचा म्हणतात, तो नुसता आवाज झाला. 20 बाइट आवाजाला 40 बाइटचं हेडर, म्हणजे वरचा पत्ता, सेकंदाला अशी 50 पाकिटं, म्हणजे 24 केबीपीएस. पत्रापेक्षा पाकीट जड. 64 मध्ये दोन कॉल जेमतेम. हेडर आवळता येतात, पण ते ऐकायला इथे आहे कोण?

"हां," म्हणत भाऊसाहेबांनी चष्मा लावला, शेंगदाण्याची सालं झटकली आणि उजव्या राउटरची केबल उलटी करून पाहिली. "यावर डीसीई लिहिलंय. चालतं का बघा."

स्टिकर. शेंगदाण्याएवढा. 'शो कंट्रोलर्स' ही एकच आज्ञा दिली असती तर राउटरनेही हेच सांगितलं असतं, पण केबल मी स्वतः लावली होती ना. उजव्या राउटरला क्लॉक रेट दिला, लाइन उठली, फोन वाजला. तो भाऊसाहेबांनी उचलला. "हॅलो, बोला!" खोलीत आम्ही दोघंच होतो.

सोमवारच्या मीटिंगमध्ये त्यांचं नाव आलं. इतिवृत्तात माझ्या शनिवारची नोंद 'किरकोळ केबल जोडणी' अशी आहे. ओव्हरटाइमचा अर्ज त्यांच्याच टेबलावर गेला आणि 'काम अर्ध्या तासाचे होते' असा शेरा घेऊन परत आला. ते अर्ध्या तासाचं मीच त्यांना सांगितलं होतं, हे खरं.

काल शिपाई आला आणि रॅकच्या वर भिंतीवरचं घड्याळ ठोकून गेला. मागणीपत्रकावर 'राउटरसाठी, 1 नग' असं लिहिलंय. ते पाच मिनिटं पुढे आहे.