एसटीच्या तिकिटाची थकबाकी फेडता, तिला ‘मदत’ कसली म्हणता?

‘एसटीला सरकारकडून अमुक कोटींची मदत’ हा मथळा अधूनमधून येतोच. त्याखाली ‘हा पांढरा हत्ती किती दिवस पोसायचा’ हेही ठरलेलंच. पण या ‘मदती’तला मोठा भाग कसला असतो? सरकारनेच ज्यांना सवलत जाहीर केली, त्या प्रवाशांच्या तिकिटांचे राहिलेले पैसे. कागदोपत्री नाव ‘सवलत मूल्य प्रतिपूर्ती’. वाण्याकडून महिनाभर उधारीवर माल न्यायचा आणि बाकी चुकवताना ‘दुकानदाराला मदत केली’ म्हणून फोटो काढून घ्यायचा, तसला हा प्रकार.

एक फेरी घेऊन हिशेबच मांडू. साधी गाडी, ४४ आसनं, तालुक्याहून जिल्ह्याला ६० किलोमीटर. एसटीचा भाड्याचा टप्पा ६ किलोमीटरचा, म्हणजे १० टप्पे. तिकीट हिशेबाला सोपं जावं म्हणून १०० रुपये धरू. गाडी पूर्ण भरलेली, उभं कुणी नाही. त्यात २० महिला. महिला सन्मान योजनेत १७ मार्च २०२३ पासून त्यांना निम्मं तिकीट. ६५ ते ७५ वयाचे ८ पुरुष, त्यांनाही निम्मं. पंचाहत्तरी ओलांडलेले ६ जण, अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत. उरले १०, ते पूर्ण तिकीटवाले. कंडक्टरच्या बॅगेत जमले २,४०० रुपये. फेरीचं खरं उत्पन्न ४,४०० रुपये. मधले २,००० रुपये तिकीट मशीनच्या नोंदीत आहेत, बॅगेत नाहीत.

आता डिझेल. एसटीत ते केपीटीएलमध्ये मोजतात, म्हणजे १० लिटरला किती किलोमीटर. ४५ केपीटीएल धरलं तर ६० किलोमीटरला १३ लिटरच्या वर डिझेल लागतं. ९० रुपये लिटरने झाले साधारण १,२०० रुपये. बॅगेतली निम्मी रोकड एकट्या डिझेलने खाल्ली. ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार, टायर, ऑइल, सुटे भाग, टोल आणि कर अजून बाकीच आहेत. भारमान, म्हणजे भरलेल्या आसनांचं प्रमाण, १०० टक्के असूनही रोखीला चणचण! गाड्या भरून वाहतात तरी एसटी तोट्यात कशी, या प्रश्नाचं अर्धं उत्तर या एका फेरीत आहे.

सवलतींवर माझा आक्षेप नाही. महिला सन्मान योजनेने गाड्या भरल्या हे कुठल्याही डेपोत विचारा. आणि सवलतीचा खर्च सरकारचा आहे हे सरकारलाही पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. सावंतवाडीहून पणजीला जाणाऱ्या बाईंचं तिकीट हद्दीपर्यंत अर्धं आणि गोव्यात शिरलं की पूर्ण, कारण पुढच्या किलोमीटरचे पैसे महाराष्ट्राची तिजोरी देणार नाही. हद्दीबाबत इतका काटेकोरपणा, मग पैसे देण्याच्या तारखेबाबत का नाही?

त्या २,००० रुपयांचा पुढचा प्रवास बघा. मशीनवर सवलतीच्या प्रकारानुसार नोंद होते, डेपोत रोजचा गोषवारा निघतो, तो विभागीय कार्यालयात, तिथून मुंबई सेंट्रलच्या मुख्यालयात. तिथे महिन्याचं बिल तयार होऊन परिवहन विभागाकडे जातं. इथवर सगळं यंत्रावर आहे, फारसा वेळ लागायचं कारण नाही. खरी वाट पुढे लागते. अर्थ विभागाची सहमती हवी. त्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे बजेटमधल्या त्या खर्चाच्या रकान्यात, तरतूद शिल्लक हवी. नसेल तर पुरवणी मागण्यांची (बजेटबाहेरच्या जादा खर्चाला विधिमंडळाची मंजुरी), म्हणजे पुढच्या अधिवेशनाची वाट बघा. मग शासन निर्णय, बीडीएस या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर निधी वितरण, कोषागारात बिल. यातला एक टेबल अडला की महिना गेला. शिवाय मागितलेली रक्कम पूर्ण येईलच असं नाही. आली त्यात भागवा.

डिझेल मात्र फार काळ उधारीवर चालत नाही. डेपो बंद ठेवता येत नाही, म्हणून पैसा कमी पडला की आधी काय कापलं जातं? जे बाहेरून दिसत नाही ते. कर्मचाऱ्यांची भविष्य निर्वाह निधीची रक्कम पगारातून कापली जाते, पण भरली जात नाही. उपदान (ग्रॅच्युइटी) थकतं. मग पुरवठादार थकतात आणि ते माल पाठवणं थांबवतात. मग दोन बंद गाड्यांचे भाग काढून तिसरी चालू करायची. शेवटी मार्गस्थ बिघाड, म्हणजे गाडी वाटेत बंद पडणं, वाढतात, आणि तेवढेच प्रवाशाला दिसतात. प्रवासी घाटात उतरून ड्रायव्हरला शिव्या घालतो. फाइल अडली होती मंत्रालयात.

एप्रिल २०२५ मध्ये तर हे थेट पगारावर आलं. सरकारकडून मागणीपेक्षा फारच कमी रक्कम आली आणि मार्चचा पगार ५६ टक्केच हातात पडला. पार्श्वभूमी आठवा. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ इतका लांबलेला, एसटी राज्य सरकारात विलीन करा या मागणीचा संप झाला, त्रिसदस्यीय समितीने विलीनीकरण नाकारलं आणि पगारासाठी सरकार आर्थिक साहाय्य देईल असं ठरलं. म्हणजे पगारासाठीचं साहाय्य ही एक गोष्ट आणि सवलतीची थकबाकी ही दुसरी. प्रत्यक्षात दोन्ही एकाच ताटात कालवली गेली आहेत. सवलतीचे पैसे आले की त्यातूनच पगार, आणि वर ‘पगाराला पैसे दिले’ हेही ऐकवायचं. कुठल्या खात्यात किती येणं बाकी आहे हे बाहेरच्याला कळूच नये, अशी ही सोय आहे. एसटीच्या आर्थिक स्थितीवरच्या जून २०२५ च्या श्वेतपत्रिकेत संचित तोटा १० हजार कोटींच्या वर दाखवला आहे. त्यात धंद्यातला तोटा किती आणि सामाजिक बंधनापायी आलेला किती, ही फोड दरवर्षी ताळेबंदाच्या पहिल्या पानावर छापली पाहिजे.

मूळ दुखणं कायद्यात आहे. महामंडळ उभं आहे मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम १९५० वर. त्याचं कलम २२ सांगतं, व्यापारी तत्त्वावर चाला. कलम ३४ सांगतं, राज्य सरकारचे निर्देश पाळा. आता सरकारने निर्देश दिला की अर्ध्या तिकिटात न्या, तर व्यापारी तत्त्व कसं पाळायचं? उरलेले अर्धे पैसे कुणी आणि किती दिवसांत द्यायचे, यावर मुदतीचं बंधन कुठेच नाही. भाडंही महामंडळाच्या हातात नाही. डिझेल, चासी, टायर आणि महागाई भत्ता यांवर आधारित भाडेवाढीचं सूत्र कागदावर आहे, पण राज्य परिवहन प्राधिकरणाच्या मंजुरीवाचून पैसाही वाढत नाही. ऑक्टोबर २०२१ नंतरची वाढ थेट जानेवारी २०२५ मध्ये, तीही एकदम १४.९५ टक्के. तीन वर्षं रोखायची आणि मग एका झटक्यात लादायची. प्रवासीही चिडतो आणि महामंडळाचे मधल्या वर्षांचे पैसेही बुडतात.

आता विजेकडे बघा. वीज कायदा २००३, कलम ६५. राज्य सरकारला एखाद्या ग्राहकवर्गाला स्वस्त वीज द्यायची असेल तर अनुदानाची रक्कम आगाऊ भरावी लागते. न भरल्यास तो सवलतीचा निर्देश लागूच होत नाही, दर वीज नियामक आयोगाने ठरवलेलेच राहतात. अंमलबजावणीत तिथेही पळवाटा काढल्या जातात, पण निदान बोट ठेवायला कलम तरी आहे. एसटीकडे तेवढंही नाही.

माझी मागणी एवढीच: एसटीचं ‘कलम ६५’ करा. १९५० च्या कायद्याच्या कलम ४४ खाली राज्याला नियम करता येतात. तेवढ्याने भागणार नसेल तर विधिमंडळात स्वतंत्र कायदा आणा. आंध्र प्रदेशने २०१९ मध्ये कायदा करून परिवहन महामंडळाचे कर्मचारी सरकारी सेवेत घेतले. तो मार्ग बरोबर की चूक हा वेगळा वाद, पण राज्याने मनावर घेतलं तर कायदा होतो हे दिसलं. नियम साधा असावा. मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीच्या नोंदीवरून सवलतीची अंदाजित रक्कम तिमाहीच्या सुरुवातीला जमा करायची आणि तिमाही संपली की मशीनच्या आकड्यांवरून फरक मिटवायचा. नोंदींची लेखापरीक्षकाकडून नमुना तपासणी जरूर करा, कारण खोटी सवलत तिकिटंही फाडली जाऊ शकतात आणि त्याचा भुर्दंड करदात्याला. पण तपासणी चालू आहे म्हणून पूर्ण रक्कम अडवायची नाही.

करांचं बोलू. १९५८ च्या कायद्याने एसटीच्या भाड्यावर १७.५ टक्के प्रवासी कर आहे. तो प्रवाशाकडून घेऊन सरकारला द्यायचा, आणि त्याच सरकारकडे सवलतीच्या पैशांसाठी हात पसरायचा. दोन्ही रकमांची नियमाने परस्पर वजावट का करू नये? जीएसटीचंही असंच. साध्या गाडीच्या तिकिटावर जीएसटी माफ, ऐकायला छान. पण माफ असल्यामुळेच बस आणि टायर घेताना भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही, तो खर्चातच जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये बसवरचा दर २८ वरून १८ टक्के झाला, हा दिलासा खरा. डिझेल तर जीएसटीत नाहीच.

डिझेलचा एक किस्सा एसटीवाल्यांना चांगला आठवत असेल. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने घाऊक ग्राहकांना अनुदानित दर बंद केला आणि परिवहन महामंडळं त्यात सापडली. मार्च २०२२ मध्ये घाऊक दर लिटरमागे एकदम २५ रुपयांच्या आसपास वाढला. परिणाम काय? डेपोतला स्वतःचा पंप मोकळा आणि गाड्या बाहेरच्या पंपावर किरकोळ दराने तेल भरायला रांगेत. तिथवर जाण्या-येण्याचे मोकळे किलोमीटर, ड्रायव्हरचा वेळ आणि केपीटीएलच्या नोंदींचा गोंधळ वेगळाच. कुणाच्या तरी एका परिपत्रकाची ही किंमत.

नव्या गाड्यांसाठी अनुदान मिळतं, पण ते भांडवली. त्यातून बस घेता येते, बस चालवायला लागणारा पैसा त्यातून काढता येत नाही. शिवाय केंद्राच्या नियमाने १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या १५ वर्षांवरील गाड्यांची नोंदणीच रद्द; खासगी मालकीची तेवढीच जुनी गाडी फिटनेस तपासणी पास झाली की धावू शकते. जुनी गाडी भंगारात जावी हे मान्य. पण भंगाराची तारीख कायद्याने पक्की आणि बदली गाडीच्या पैशांची तारीख बेभरवशाची, म्हणून मधे फेऱ्या रद्द होतात. त्यातही गावात रात्री मुक्कामी थांबणाऱ्या आणि शाळेच्या फेऱ्या सगळ्यात आधी.

प्रदूषणाच्या बीएस-६ निकषाची नवी गाडी आली तरी तिला ॲडब्लू, म्हणजे धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण, लागतं, १०० लिटर डिझेलमागे साधारण ३ ते ५ लिटर. ते संपलं किंवा भेसळीचं निघालं तर संगणक इंजिनाची ताकद आपोआप कमी करतो आणि चढावर गाडी रांगते. ॲडब्लूचा पैसा महसुली, म्हणजे रोजच्या चालवण्याच्या, खर्चातला, म्हणजे पुन्हा त्याच कंडक्टरच्या बॅगेतला. लाखोंची गाडी अनुदानातून आली आणि काही रुपये लिटरच्या द्रवापायी डेपोत उभी, हे बघून वाईट वाटतं.

सगळ्यात बोचणारी गोष्ट ई-बसची. या बहुतेक भाडेतत्त्वावर, ठेकेदाराला प्रति किलोमीटर दर. ठेकेदाराचे पैसे थकू नयेत म्हणून केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये सुमारे ३,४३५ कोटींची पेमेंट सुरक्षा योजना मंजूर केली. परिवहन संस्थेने पैसे दिले नाहीत तर त्या निधीतून ठेकेदाराला मिळणार, आणि परतफेड झाली नाही तर राज्याने आधी सही करून दिलेल्या आदेशानुसार रिझर्व्ह बँक राज्याच्या खात्यातून ते वळते करणार. यंत्रणा उत्तम आहे. अशी हमी नसती तर बँका कर्ज देत नाहीत, हेही बरोबर. पण ज्या संस्थेने ठेकेदाराला पैसे द्यायचे, तिच्या स्वतःच्या सवलत मूल्याला असला एकही आदेश नाही. थकबाकी राज्याचीच, पण खात्यातून वळती होते फक्त खासगी ठेकेदारासाठी.

तुमच्या आमदारांना विचारायचं असेल तर ‘एसटीसाठी काय केलं’ असं मोघम विचारू नका. येत्या अधिवेशनाच्या पुरवणी मागण्यांच्या पुस्तकात परिवहनाखाली सवलत प्रतिपूर्तीची रक्कम किती आहे, ती कुठल्या महिन्यापर्यंतची आहे, आणि त्यानंतरच्या महिन्यांचं काय, हे तीन प्रश्न लेखी द्या आणि उत्तरही लेखीच मागा.